अडकलेली कॉटरपिन

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात जिन्याखाली एक सायकल उभी होती. आम्ही माणसं, गॅसची शेगडी, कागदपत्रं आणि देव घेऊन बाहेर पडलो. सायकल कुणाच्या लक्षातही आली नाही. आठवड्यानं परत आलो तेव्हा घरभर घोटाभर गाळ होता आणि त्या गाळात माझ्या वडिलांची रॅले तशीच भिंतीला टेकून उभी होती. हँडलवर कुणाच्या तरी घरची चिंधी अडकली होती.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. वडीलही शिक्षकच, पण प्राथमिक शाळेत. सांगलीहून बुधगावला रोज सायकलनं जायचे आणि यायचे. ही सायकल त्यांनी १९५६ साली जुनी म्हणून घेतली. मिरजेच्या रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, त्यानं जाताना ती विकली. एकशेदहा रुपये पडले, म्हणजे त्यांचा दीड महिन्याचा पगार. आई ते पुढं तीस वर्षं बोलून दाखवायची. सायकलीच्या पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आणि नॉटिंगहॅम, इंग्लंड अशी अक्षरं. दातेरी चाकातसुद्धा, म्हणजे चेन फिरते त्या चाकात, बगळेच कापलेले. लहानपणी मला वाटायचं, हे आपल्या नदीवरचेच बगळे आहेत.

गाळ धुतला, चाकं फिरली, ब्रेकच्या सळया सोडवल्या. पण पायडल मारलं की मधून करकर आवाज यायचा, जात्यात वाळू टाकून दळल्यासारखा. मधल्या नळीतल्या छर्‍यांत गाळ शिरला होता. तो काढायचा तर मधला एक्सल काढायला हवा आणि एक्सल काढायचा तर दोन्ही बाजूंचे क्रँक. क्रँक म्हणजे पायडल आणि एक्सल यांना जोडणारा तो लोखंडी हात. डावा क्रँक निघाला. उजवा निघेना. आजच्या बोलण्यात मी सांगणार आहे ते या उजव्या क्रँकबद्दल.

क्रँक एक्सलवर बसवलेला असतो तो एका लहानशा पिनेनं. बोटाच्या दोन पेरांएवढी, साडेनऊ मिलिमीटर जाडीची गोल पोलादी पिन. इंग्रजी मापात पाऊण इंचाच्या निम्मी. तिची एक बाजू कानशीनं घासल्यासारखी उतरती सपाट असते आणि बारीक टोकाला आटे व नट असतो. एक्सलला आडवी खाच असते. पिन क्रँकच्या भोकातून आत जाते, तिची सपाट बाजू खाचेवर घट्ट दाबून बसते आणि क्रँक जागचा हलत नाही. हिला कॉटर म्हणतात. आपल्याकडे सगळे मिस्त्री काटरपिन म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर ही पाचर आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यात आपण लाकडी पाचर ठोकतो, तीच गोष्ट पोलादाची. नट फक्त ती निसटू नये म्हणून असतो. पुष्कळांचा समज असतो की नट आवळला की कॉटर घट्ट होते. तसं नाही. घट्ट होते ती ठोकल्यानं किंवा दाबल्यानं. नटानं ओढायला गेलं की आटे जातात.

आता, ही पिन सायकलीत आली कशी? सायकलीच्या पूर्वजाला, म्हणजे जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली केलेल्या दोन चाकी गाड्याला, पायडल नव्हतंच. माणूस त्यावर बसून जमिनीला पाय मारत पळायचा. पुढं १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाच्या आखालाच क्रँक जोडलेल्या सायकली होऊ लागल्या. त्यांच्याच आसपासचे पिएर लालमाँ यांनी १८६६ साली अमेरिकेत जाऊन या कल्पनेचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना कुणाची, यावर फ्रेंच मंडळी अजून भांडतात. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. मुद्दा एवढाच की पुढच्या चाकालाच पायडल असल्यामुळं वेग वाढवायचा तर चाक मोठं करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून त्या माणसाएवढ्या उंच चाकाच्या सायकली आल्या. त्यांवरून पडलं की माणूस डोक्यावरच पडायचा.

१८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागचं चाक साखळीनं फिरवायचं. आज आपण सायकल म्हणतो ती हीच. या बदलात क्रँक चाकावरून उठून सांगाड्याच्या मध्यावर आले. सांगाड्याच्या नळीतून आरपार एक आख आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात. हे दोन्ही हात आखाला कायमचे जोडले तर आख नळीत घालणार कसा? निदान एक तरी हात सुटा हवा. शिवाय तो असा बसायला हवा की माणूस चढावर उभं राहून सगळा भार त्यावर टाकेल तरी सरकू नये. अमेरिकेत काही कारखान्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. एकाच जाड सळईला दोन्हीकडं वाकवून आख आणि हात एकसंध केले आणि सांगाड्याची नळी इतकी मोठी ठेवली की ती वाकडी सळई आत घालता यावी. इंग्लंडनं पाचर पत्करली. स्वस्त, सोपी आणि कुठल्याही लोहाराला कळणारी.

मला इतिहासाचा शिक्षक म्हणून १८८८ या सालाची नेहमी गंमत वाटते. त्या वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये फ्रँक बाउडन यांनी रॅले कंपनी उभी केली. रॅले हे नाव ज्या रस्त्यावर तो छोटा कारखाना होता त्या रस्त्याचं. आणि त्याच १८८८ साली बेळगावात रामुअण्णा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर या भावांनी सायकलींचं दुकान सुरू केलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते तिकडून सायकली पाठवायचे, रामुअण्णा विकायचे. मग दुरुस्ती आली, दुरुस्तीतून यंत्रं आली, नांगर आले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आमच्या सांगलीच्या माणसाला पुण्याच्या गाडीत बसलं की ते स्टेशन लागतंच. नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, सायकलीची फारशी कुणी सांगत नाही. मला मात्र वाटतं, सायकल खोलून पुन्हा जोडणाऱ्या हातांनाच पुढं नांगर जोडता आला असावा.

स्वातंत्र्यापर्यंत आपल्याकडच्या बहुतेक सायकली बाहेरून यायच्या. रॅले, हंबर, रज, फिलिप्स, बीएसए. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका करणारी कंपनी. तिच्या सायकलीवरही तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असायच्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि इथले कारखाने वाढले. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस, सोनिपतला ॲटलस, लुधियानाला १९५६ पासून हीरो, आसनसोलजवळ रॅलेशी करार केलेली सेन-रॅले आणि मुंबईत वरळीला हिंद सायकल. यातल्या शेवटच्या दोघी पुढं आजारी पडल्या. १९८० साली संसदेत कायदा करून सरकारनं त्या ताब्यात घेतल्या, तरी त्या वाचल्या नाहीत. ॲटलसचा शेवटचा मोठा कारखाना साहिबाबादला होता. तो ३ जून २०२० रोजी बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हे वाचून मी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

पण नाव कुठलंही असो, साध्या काळ्या सायकलीच्या पोटात कॉटर तीच. फ्रान्समध्ये स्ट्राँगलाइट कंपनीनं १९३३ साली कॉटर नसलेला क्रँक काढला होता. एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं, त्यावर अॅल्युमिनियमचा क्रँक दाबून बसवायचा. शर्यतीच्या सायकलींनी तो उचलला. आमच्या मुलीच्या गिअरच्या सायकलीला तसाच होता. त्याला काढायला स्क्रूचा ओढणारा पाना मिळतो. तो क्रँकच्या आट्यांत बसवून फिरवला की क्रँक आपोआप बाहेर येतो. अर्थात तोही अडकतो. अॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकत्र राहिले की सांध्यात क्षार धरतात, आणि घाईत पाना अर्धाच बसवून फिरवला तर क्रँकचे आटेच बाहेर येतात. पण दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या, शेतमजुरांच्या सायकलींना कॉटरच राहिली. आजही आहे.

आता माझ्या अपराधाकडं येतो.

डावी कॉटर सहज निघाली म्हणून मला धीर आला. उजवीचा नट काढला, पिनेच्या टोकावर घरातली लहान हातोडी घेतली आणि ठोकायला लागलो. टक, टक, टक. सायकल भिंतीला टेकवलेली, क्रँकच्या खाली आधार काही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पाहिलं तर पिन तसूभर हलली नव्हती. तिचं आट्यांचं टोक मात्र मशरूमसारखं पसरलं होतं आणि एका अंगाला वाकलं होतं. मग मी तो प्रसंग होऊन जातो तसं केलं, म्हणजे सायकल झाकून ठेवली. पुढं करोना आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला (या वेळी सायकल माळ्यावर चढवली होती) आणि तीन वर्षं गेली.

शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात एका टेम्पोत घालून ती मिस्त्रींकडं नेली. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांचे वडीलही सायकलचंच दुकान चालवायचे, आणि माझ्या वडिलांची सायकल ओव्हरऑइलिंगला तिथंच जायची. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्या मिस्त्रींनी त्यात तेल घातलं आणि तो शब्द जास्त खरा झाला, असं मला वाटतं. मिस्त्रींच्या दुकानातही २०१९ ला छतापर्यंत पाणी गेलं होतं. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. आता ते दुकान बंद करणार होते. मुलगा पुण्यात नोकरीला. दिवसाला दोन पंक्चर आली तर आली.

त्यांनी क्रँक बघितला आणि म्हणाले, "सर, ही हातोडी कुणी मारलीया?"

मी म्हटलं, "मीच."

"घाई केलीसा. आणि लहान हातोडी घेतलीसा."

मग त्यांनी मला समजावलं. लहान हातोडीचे शंभर टोले पिनेच्या टोकात जिरतात, टोक चेपतं, पिन फुगते आणि भोकात जास्तच घट्ट होते. जड हातोडीचा एकच टोला पिनेच्या पार मुळापर्यंत पोचतो. पण तो मारायचा तर क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत टेकणारा आधार पाहिजे, नाहीतर तोच टोला एक्सलमधून छर्‍यांवर आणि त्यांच्या वाट्यांवर जातो. म्हणून ते जाड लोखंडी पाइपाचा बरोबर मापाचा तुकडा क्रँकखाली उभा करतात. पाइप पोकळ, म्हणजे पिनेचं जाड डोकं त्याच्या पोकळीत उतरायला मोकळं. नट पूर्ण काढायचाच नाही. पिनेच्या टोकाशी समपातळी येईपर्यंत सैल करायचा, म्हणजे टोला नटावर आणि पिनेवर मिळून पडतो आणि आटे वाचतात. यातलं एकही काम मी केलं नव्हतं.

गंज हे लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतं. लोखंडाचा गंज झाला की तो फुगतो. आधीच ठोकून बसवलेल्या पाचरीभोवती हे फुगणं म्हणजे दुसरी पाचर. त्यात आमच्या पाचरीला कृष्णामाईनं आठवडाभर भिजवलेलं. मिस्त्रींनी रॉकेल आणि शिलाई मशीनचं तेल एकत्र करून त्या सांध्यावर सोडलं आणि मला चार दिवसांनी यायला सांगितलं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते त्यात दोन थेंब घालत होते, असं नंतर कळलं.

चार दिवसांनी पाइप लावून मोठ्या हातोडीचा टोला मारला. नाही. क्रँक ब्लो लॅम्पनं तापवला, कारण बाहेरचं लोखंड तापून पसरलं तर आतलं सुटतं. पुन्हा टोला. नाही. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, विडी पेटवली आणि म्हणाले, "आता डॉक्टरकी करायला लागंल."

मी विचारलं, "एक्सल कापून टाकू या का? नवा घालू."

ते माझ्याकडं असं बघू लागले की मीच माझ्या विद्यार्थ्याकडं बघतोय असं मला वाटलं. "नवा कुठला आणतासा? रॅलेचं आटं येगळं असत्यात."

हे मला खरंच माहीत नव्हतं. पुढं मी वाचलं आणि ते बरोबर निघालं. इंग्लंडमध्ये सायकलीच्या मधल्या वाट्यांना इंचाला २४ आटे हे सर्वसाधारण माप होतं. आजही जगभर त्या मापाला बीएसए म्हणतात. रॅलेनं मात्र आपल्या कारखान्यात इंचाला २६ आटे ठेवले. म्हणजे रॅलेच्या सायकलीला रॅलेच्याच वाट्या. त्या वाट्या आमच्या गावात आता कुठं मिळणार? आणि नॉटिंगहॅमला तरी कुठं मिळणार, तिथल्या कारखान्यातली जुळणी २००२ सालीच थांबली. अॅलन सिलिटो हे इंग्रज कादंबरीकार तरुणपणी या रॅलेच्या कारखान्यात कामाला होते, आणि त्यांच्या १९५८ च्या गाजलेल्या कादंबरीचा नायक सायकलच्या कारखान्यात लेथवर दिवसभर तेच ते भाग कापत असतो. कंटाळलेला, चिडलेला तरुण. आमच्या सायकलीचे भाग कुणाच्या हातून कापले गेले असतील, असा विचार ती कादंबरी वाचल्यापासून माझ्या मनात येतो.

डॉक्टरकी अशी. आधी पिनेचं मी वाकवलेलं टोक आरीनं कापलं. कापलेला भाग कानशीनं सपाट केला. मधोमध पंचानं खूण केली आणि हाताच्या ड्रिलनं भोक पाडायला घेतलं. आधी चार मिलिमीटरचं, मग सहाचं. भोक पिनेच्या मधोमध राहायला हवं. थोडं जरी तिरकं गेलं तर एक्सल जखमी. मिस्त्री दर मिनिटाला थांबायचे, तेल घालायचे, फुंकर मारायचे आणि कीस बोटावर घेऊन बघायचे. सायकलीचं असो की पोथीचं, काम करताना मधेमधे थांबणारा माणूस मला नेहमी विश्वासाचा वाटतो. पाऊण तास गेला. दुकानासमोर शाळेतून सुटलेली दोन पोरं येऊन उभी राहिली, पंक्चरवालं एक गिऱ्हाईक बसून राहिलं, त्यालाही घाई नव्हती.

पिन आतून पोकळ झाली की तिचा आतून धरलेला ताण जातो. मिस्त्रींनी पुन्हा पाइप लावला, जाड पंच ठेवला आणि एक टोला दिला. आवाज वेगळा आला. आधीचे टोले ठक्क असे बसत होते, हा खळ्ळ असा. पिन पाइपात पडली.

तिच्याबरोबर आणखी काहीतरी पडलं. मिस्त्रींनी पाइप उलटा करून हातावर झटकला. पिनेच्या सपाट बाजूला चिकटून बसलेली एक पातळ पट्टी होती, नखाएवढी. रॉकेलात बुडवून पुसली तर पिवळी निघाली. पितळ. ओढून, चेपून कागदासारखी झालेली.

कॉटरची सपाट बाजू एक्सलच्या खाचेला नीट लागत नसली की क्रँक खेळतो. नवी पिन मिळाली नाही, किंवा मिळाली ती नीट मापाची नसली, तर मधे पातळ पत्रा घालून ती बसवतात. हे माझ्या डोळ्यांसमोर १९६० च्या दशकातली टंचाई होती. परदेशी माल बंद, देशी माल पुरत नाही. पुस्तकात मी हे मुलांना शिकवलं होतं. आयात परवाने, पंचवार्षिक योजना, परकीय चलन. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं की सायकलीला काही झालं होतं. ते म्हणायचे, हिला हात लावावा लागला नाही, इंग्रजाचा माल आहे.

मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी बसवली असेल का?"

मिस्त्रींनी पट्टी उजेडात धरली. तिच्या कडेला कानशीचे तिरके ओरखडे होते, अगदी एकासारखे एक. "गुरुजींचं न्हाई हे," ते म्हणाले. "कंदिलाच्या बर्नरचं पितळ हाय. आमचा बा ते जपून ठिवायचा. आन् कानस अशी तिरकी त्योच मारायचा, त्याचा उजवा अंगठा मोडलेला हुता."

माझ्याकडं याचा पुरावा नाही. शाळेत मी मुलांना सांगायचो की एका साक्षीवर विसंबू नका. पण त्या दुकानात मला दुसरी साक्ष नको होती.

पुढचं काम सोपं होतं. दोन्ही वाट्या खोलल्या. उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते हे विसरून मी पाना भलतीकडं धरला होता, तो मिस्त्रींनी काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतला. आतून चहाचा कप भरेल एवढा गाळ निघाला. छर्रे नवे घातले, वाट्या जुन्याच, कारण सुदैवानं त्यांना खड्डे पडले नव्हते. नव्या कॉटर बाजारातून आणल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांच्या सपाट बाजू कंदिलाच्या काजळीत काळ्या करून पुन्हापुन्हा लावून पाहिल्या. काजळी जिथं पुसली जाई तिथं कानस मारायची. दोन्ही पिना समोरासमोरच्या दिशांनी घालायच्या, एक वरून तर दुसरी खालून, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडत चालते. पितळाची गरज या वेळी लागली नाही.

"पन्नास किलोमीटर फिरवा आणि परत या," त्यांनी सांगितलं. "पाचर बसत्या तोवर नट ढिल्ला हुतोय."

पैसे त्यांनी घेतले, बेताचेच. मी ती पितळी पट्टी मागून घ्यावी का, असा विचार करत होतो. घरी वडिलांचा चष्मा आणि घड्याळ ठेवलंय त्या डबीत ठेवली असती. पण वर बघितलं तोवर मिस्त्रींनी ती पुसून, कागदात गुंडाळून आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली होती.

मी काही बोललो नाही. सायकलवर बसलो आणि मारुती चौकातून घरी आलो. पन्नास किलोमीटर व्हायला मला पाच आठवडे लागले. नट आवळायला गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं, म्हणून तो घरी मीच आवळला, अगदी हलक्या हातानं.